कलत्या पाठीची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. सध्या कार्यालयाच्या अडगळीच्या खोलीत, एका बंद पंख्याशेजारी राहते. पंखा काही बोलत नाही, म्हणून तुम्हालाच सांगते.

कारखान्यातून आले तेव्हा माझा रुबाब काही औरच होता. काळं रेक्झिन, पाच चाकं, ताठ पाठ. अकरा वर्षं मी आधीच्या साहेबांची होते. समोरचा माणूस आपोआप आवाज खाली आणायचा. लोक साहेबांना करारी म्हणत. त्यातला अर्धा करारीपणा माझा होता, पण खुर्चीला श्रेय कोण देतो?

साहेब निवृत्त झाले, माझ्या पाठीचा स्क्रूही सैल झाला. जरा टेकलं की मी मागे कलायचे. नव्या साहेबांनी नवी खुर्ची आणली आणि मला नकाशे तपासणाऱ्यांच्या टेबलांकडे ढकललं. तिथली रीतच होती, मोडकी खुर्ची नव्या माणसाला.

नवी आलेली बाई सहा महिन्यांच्या बोलीवर होती. घरी आजारी वडील. ही नोकरी कायम व्हावी, एवढंच ती बहिणीला फोनवर सांगायची. काम इतकं चोख की नकाशात जिन्याची एक पायरी कमी असली तरी तिच्या नजरेतून सुटत नसे. पण बसायची माझ्यावर. तोल जाऊ नये म्हणून पाय लांब करून टेबलाच्या दांडीला रोवायची. वरून एसीचा गार झोत यायचा, म्हणून हात छातीशी घट्ट बांधायची.

शिपाईकाका एकदा म्हणाले, "ताई, खुर्ची बदलून मागा की. पडाल एखाद दिवशी."

"नको काका. अजून कायम झाले नाहीये. आल्या आल्या कुरकुर कशाला?"

साहेब काचेच्या केबिनमधून बघायचे. त्यांना स्क्रू दिसत नव्हता. दिसायची ती, रेललेली, पाय पसरलेली, हाताची घडी घातलेली. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ हनुवटीला हात लावून पुढे झुकलेले असत. ते डुलक्या काढत, हे मला ठाऊक. साहेबांना ते कामात बुडालेले वाटत.

सहा महिने संपले. साहेब टेबलापाशी येऊन म्हणाले, "कामाबद्दल तक्रार नाही तुमच्या. पण वागण्यात फार ताठा आहे. पाय पसरून, हाताची घडी घालून बसता, कुणाला मोजतच नाही तुम्ही. कायम करता येणार नाही."

"सर, ही खुर्ची..."

"खुर्चीला कशाला दोष देता?"

नाचता येईना अंगण वाकडं, असं त्यांना वाटलं असणार. पण मित्रांनो, इथे अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते अंगण मी होते.

तिने डबा, चष्म्याचं घर आणि फूटपट्टी पिशवीत भरली. जाताना मला टेबलाखाली नीट सरकवून ठेवलं.

आठवड्याने साहेब तिच्या टेबलावर एक नकाशा शोधायला आले आणि माझ्यावर बसले. मी कलले. त्यांचा पाय आपोआप दांडीवर गेला. वरून झोत आला, तशी त्यांनी हाताची घडी घातली. मग त्यांनी स्वतःच्या पसरलेल्या पायांकडे पाहिलं आणि मान वळवून काचेच्या केबिनकडे. आता तिला फोन करतील, असं मला वाटलं. फोन समोरच होता.

उठून ते शिपाईकाकांना म्हणाले, "ही खुर्ची अडगळीत टाका."

मित्रांनो, माझा स्क्रू आवळायला दोन मिनिटंही लागली नसती. कुणी वाकडं बसलेलं दिसलं, तर मत बनवण्याआधी जवळ जा, विचारा. आणि चूक कळलीच, तर खुर्ची टाकण्याआधी माणसाला परत बोलवा. मी इथे एकटी आहे, त्याचं मला फार दुःख नाही. ती कुठेतरी पुन्हा मुलाखतीला बसली असेल, आणि हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नसेल, त्याचं आहे.