चौथा नंबर

लोवेलच्या हातातला जेवणाचा काटा फरशीवर पडला आणि खणखणत टेबलाखाली गेला.

"लोणी फार लावतेस तू, ट्रीना," लोवेल हसत म्हणाला. "काटासुद्धा घसरायला लागला." आणि उजवा हात त्याने हळूच मांडीवर घेतला.

ट्रीनाने नवऱ्यापुढे दुसरा काटा ठेवला. समोर बसलेल्या मॅरिटने ताटातून मान वर केली नाही.

"काय गं, आज पॅनकेकचा निकाल नाही?" लोवेलने तिला विचारलं.

हा बापलेकीचा जुना खेळ. जत्रेतल्या स्पर्धेसाठी जनावरांचं परीक्षण करायला शिकताना घरातल्याच चार-चार गोष्टी मांडून सर्वांत चांगलीपासून क्रम लावायचा. चार मांजरं, चार ट्रॅक्टर, एकदा तर चर्चमधल्या चार म्हाताऱ्या. मग हात मागे बांधून, कागद न बघता कारणं सांगायची. चौथ्या नंबरचंही काही चांगलं असेल तर ते आधी कबूल करायचं. बारा वर्षांच्या मॅरिटची नजर अशी तयार झाली होती, की कुठलं डुक्कर कुठल्या पायावर भार टाळतंय ते ती कुंपणापलीकडून सांगायची.

"जळका शेवटी," मॅरिट म्हणाली. "बाकी सगळे सारखेच." ताट तसंच टाकून ती जत्रेला न्यायच्या आपल्या डुकराला गाडीत चढवायला गेली.

"हिला काय झालंय?"

"स्पर्धेची धास्ती," ट्रीना म्हणाली.

मे महिन्यात डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. लोवेलचे हात जातील, पाय जातील, मग गिळणं, मग श्वास. औषध नाही. परत येताना मक्याच्या शेताकडेला गाडी थांबवून लोवेल म्हणाला होता, "जत्रा होऊ दे. पोरीला एक उन्हाळा नीट मिळू दे. तोवर बोलणार नाहीस, शपथ घे." तिने घेतली. तेव्हापासून ती मॅरिटशी खोटं बोलत होती. कधी बाबाचे बूट नवे होते म्हणून तो अडखळला, कधी त्याची पाठ धरली होती.

जत्रेच्या मांडवात सकाळीच परीक्षणाची स्पर्धा झाली. रिंगणात चार डुकरिणी सोडल्या होत्या, पाठीवर रंगाने आकडे घातलेल्या. ट्रीना शहरातली, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी. पण तीन नंबरची डुकरीण मागचा डावा पाय ओढतेय हे बाकावरून तिलाही दिसलं. मुलं कार्डावर क्रम लिहून एकेक करून कारणं सांगायला आतल्या खोलीत गेली.

निकाल लागला तेव्हा मुलांना शिकवणारा ड्वेन तरातरा त्यांच्याकडे आला.

"ट्रीना, पोरीला ताप-बिप आहे का?"

"का रे?"

"तीन नंबर पहिली लावलीय तिने! ती लंगडी! माझ्या म्हातारीला चष्म्याशिवाय दिसलं असतं."

"कारणं काय दिली?" लोवेलने विचारलं.

"तीच तर गंमत. पायाबद्दल अवाक्षर नाही. स्वभाव शांत आहे म्हणे. मागे राहत होती तरी थांबली नाही म्हणे. परीक्षकाने विचारलं, 'आणि मागचा पाय?' तर म्हणाली, दिसला नाही."

"ऊन डोळ्यावर आलं असेल."

"मांडवात कुठलं ऊन, लोवेल?"

लोवेल बायकोकडे वळला. तो म्हणाला, "तू जा तिच्याकडे. मी लिंबूपाणी घेऊन येतो."

जनावरं धुण्याच्या जागी सिमेंटवर फेसाचं पाणी वाहत होतं. मॅरिट आपल्या डुकराच्या, बटनच्या, पाठीवर नळी धरून उभी होती. दुपारी बटन रिंगणात फिरणार, आणि संध्याकाळी बाकीच्यांबरोबर कसाईखान्याच्या ट्रकमध्ये चढणार. दर वर्षी असंच असतं. त्याबद्दल मॅरिट आता रडत नाही.

"ड्वेन भेटला," ट्रीना म्हणाली.

"चिडला असेल."

"पाय दिसला होता ना तुला?"

"सगळ्यांनाच दिसला."

"मग?"

मॅरिटने नळी बंद केली. "शेवटी लावलं की कारणं द्यावी लागतात. मोठ्याने. पाय ओढतेय, मग कंबर खचणार, मग उठता येणार नाही. मला सगळं पाठ आहे, आई."

"बाळा..."

"बाबाचं आधी डावं पाऊल, मग उजवा हात. सकाळी तू त्याच्या बुटांच्या नाड्या बांधतेस ना, तेव्हा मी जिन्यात थांबते. तुमचं आवरेपर्यंत."

ट्रीनाने तिला जवळ ओढलं. पोरीचे कपडे ओले होते, त्यांना डुकराचा आणि साबणाचा वास येत होता. शपथ मोडायची की पाळायची, आणि आता पाळून तरी काय उरलं होतं?

तेवढ्यात पलीकडच्या टोकाला लोवेल दिसला. तीन पेले बसवलेला पुठ्ठ्याचा ट्रे छातीशी धरून, ओल्या सिमेंटवरून एकेक पाऊल टाकत तो येत होता. चेहऱ्यावर हसू होतं. ट्रीनाचा पाय आपसूक पुढे पडला आणि तिथेच थांबला.

मॅरिट झटकन वळली. त्याच्याकडे पाठ करून ती बटनचा धुतलेलाच कान पुन्हा चोळायला लागली.

"आई," ती खालच्या आवाजात म्हणाली, "तो पडला तर मी धावायचं, की मला दिसलंच नाही असं करायचं?"