अकरा गवतं

दिनकररावांनी दोरी ताणली आणि गाठीपाशी चुन्याची चिमूट सोडली. पाच पावलं पुढं, पुन्हा एक चिमूट. गायरानाच्या बारा एकरांत सकाळपासून पांढऱ्या ठिपक्यांच्या सतरा ओळी झाल्या होत्या. ठिपक्यावर खड्डा, खड्ड्यात झाड. बोरी गावच्या रस्त्यावरचे कडुनिंब त्यांनीच जगवलेले, म्हणून पंचक्रोशी त्यांना झाडवाले म्हणायची. हा उघडा माळ तेवढा राहिला होता. पावसाळ्याआधी खड्डे तयार हवे होते.

ऊन चढता चढता राजेश्री आली. जिल्ह्याचा निसर्ग-आराखडा तयार होत होता आणि गावोगावची झाडंझुडपं, पक्षी नोंदवायचं काम तिच्याकडं होतं. गावच्या जैवविविधता समितीचे अध्यक्ष दिनकररावच, म्हणून ती त्यांना शोधत थेट माळावर पोचली.

"काका, इथं काय काय आहे ते सांगाल?"

"इथं? इथं काय न्हाई, ताई. म्हणून तर झाडं लावायलोय."

तिनं वाकून एक वाळकी काडी उपटली. "हे गवत कोणतं?"

"गवत म्हंजी... गवतच की."

राजेश्रीनं वहीत काही लिहिलं नाही. पेन नुसतं धरून ठेवलं. दिनकररावांना ते उगाचच लागलं. जरा लांब सारजा शेळ्या राखत होती. ऊसतोडीहून पाडव्याला परतलेली. त्यांनी तिला हाक मारली.

"सारजे, इकडं ये जरा. ह्या ताईला गवत सांग."

सारजा आली आणि खाली बसली. मे महिन्यातल्या त्या करपलेल्या काड्या ती एकेक करून मोडू लागली. "ह्यो मारवेल. जनावर आधी ह्यालाच तोंड लावतंय. ही पवन्या. ही कुसळी, लुगड्याला चिकटती. ह्यो शेडा, ह्यो कुंदा..." एक काडी तिनं बोटांत चुरगळली आणि राजेश्रीच्या नाकाशी धरली. "ह्यो रोशा. घ्या वास."

अकरा नावं झाली. राजेश्रीचं पेन थांबेना. पुढं जायला तिनं पाऊल उचललं, तोच सारजानं तिचा हात धरला.

"पाय आवरा, ताई."

दोन दगडांच्या मधे चार ठिपकेदार अंडी होती. चुन्याच्या खुणेपासून वीतभर अंतरावर. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालत होती. सकाळपासूनच घालत असणार.

"हिला उघडा माळच लागतोय," सारजा हलक्या आवाजात म्हणाली. "चंडोलाला, तितरालाबी. झाडं दाट झाली की खाली गवत ऱ्हात न्हाई, दादा."

"मग आधी बोलली का न्हाईस?"

"तुमी झाडं लावायलाव म्हणल्यावर कोण काय बोलंल?"

दिनकररावांनी दोरी गुंडाळायला घेतली. गुंडाळून झाली तरी ते बराच वेळ दोरीवरून हात फिरवत राहिले.

ग्रामसभेत ते सगळ्यात आधी उठले. "रोपं ओढ्याच्या काठानं अन् बांधांवर लावू. गायरान हाय तसंच ऱ्हाऊ द्या."

"झाडवाले तुमी, अन् तुमीच नको म्हणायलाव?" सरपंच व्यंकटरावांनी विचारलं. मागं कोणीतरी हसलं.

"झाडं नको म्हणलो न्हाई. जागा चुकली होती माझी."

सभेला आलेल्या राजेश्रीनं आराखड्यात लिहिलं: गवताळ माळ, राखून ठेवणे. मग मान वर करून विचारलं, "आणि गवत पिकेल तेव्हा नोंद कोण ठेवणार? सारजाबाई?"

"मी दसरा झाला की कारखान्यावर. गवत पिकतं तवा मी नसतेच गावात."

"मी हाय," दिनकरराव म्हणाले. त्यांनी सारजाकडं पाहिलं. "पण मला आधी शिकवावं लागंल, सारजाबाई."

आजवर त्यांनी तिला कधी बाई म्हटलं नव्हतं. तिनं पदर सारखा केला आणि मान हलवली.

पावसाळाभर त्यांची शाळा माळावर भरली. शेळ्या चरायच्या आणि दिनकरराव पाती हातात घेऊन नावं सांगायचे. शेडा आणि कुंदा त्यांना काही केल्या वेगळे ओळखता येईनात. सारजाबाई तोंडाला पदर लावून हसायची आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायची. पोळ्यापर्यंत अकरा नावांतल्या त्यांच्या चुका दोनांवर आल्या. टिटवीची पिलं तोवर केव्हाच उडून गेली होती.

दसऱ्यानंतर सारजाबाईची टोळी गेली. कार्तिकातल्या एका दुपारी दिनकरराव माळावर असताना फोन वाजला.

"दादा, कुसळं सुटली का?"

"लय. धोतर पार भरलंय माझं."

"अन् डोंगरी गवत? तांबडं पडलं का?"

"ओढ्याकडचं पडलंय. वरचं अजून हिरवं हाय." त्यांनी जरा वाट पाहिली. "चुकलो का?"

"न्हाई. बराबर हाय."

तिच्या मागं ट्रॅक्टर घरघरत होता, कोणीतरी मोळ्या उचलायला हाका मारत होतं. तिनं फोन ठेवला नाही.

"दादा, फोन जरा खाली धरता का? गवतात."

दिनकरराव गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि फोन गवतात धरला. वारा आला. पिकलेली कणसं एकमेकांवर घासत एका दमात पार टोकापर्यंत सळसळत गेली. जवळूनच एक चंडोल उठला आणि गात गात वर चढला.

रस्त्यानं चाललेल्या गावातल्या पंडितनं मोटारसायकल थांबवली. "काय हरवलंय का, दिनकरराव?"

त्यांनी कंबर सरळ न करताच मोकळा हात वर केला आणि त्याला गप्प राहायची खूण केली.