बेंबीखाली दोन बोटं

तपासणीच्या खोलीत एक उंच टेबल होतं, पाठ नसलेला एक बाक, दोन उशा, कोन मोजायची एक पट्टी, दोन डॉक्टर, कोपऱ्यात आई, दाराशी आमचे सर आणि व्हीलचेअरमध्ये मी. माझं पोट हलावं की हलू नये, याबद्दल आईचं मत पक्कं होतं. सरांचंही होतं. डॉक्टरांना फक्त बघायचं होतं. माझं मत काही ठरत नव्हतं.

अपघातात मणका मोडला तेव्हा एका डॉक्टरांनी माझ्या छातीखाली पेनाने रेघ मारली होती. इथून खाली काही चालणार नाही, म्हणाले. पुढे मी शर्यतीच्या तीनचाकी खुर्चीत बसायला शिकले, छाती मांड्यांवर टेकवून चाकांच्या रिंगा ढकलायला शिकले. पोटाचे स्नायू न चालणाऱ्यांचा गट वेगळा असतो. त्या गटात शंभर मीटर अठरा सेकंदांच्या आत गेलं की संघात निवड. सरावात मी जात होते.

मग एका सकाळी आई मला पोटावरून खुर्चीचा पट्टा बांधत असताना ठसका लागला.

"थांब. परत खोक," आई म्हणाली.

"मुद्दाम कसं खोकू?"

"शाळा बुडवायला खोकायचीस तसं."

खोकले. तिच्या तळहाताखाली पोट कडक झालं, पार बेंबीखाली दोन बोटांपर्यंत. मला आतून काहीच कळलं नाही. कळलं ते आईच्या चेहऱ्यावरून. संध्याकाळपर्यंत मावशी, आत्या आणि समोरचे शिंपीकाका, सगळ्यांना बातमी पोचली होती.

सर चाकांत हवा भरत होते. त्यांना सांगितलं.

"छान," म्हणाले. दुसरं चाक भरून झाल्यावर म्हणाले, "पोट चालणाऱ्यांच्या गटात सतराच्या आत यावं लागतं."

"नुसता झटका असेल, सर. पाय नाहीत का आपोआप उडत?"

"असेल. गट ठरवायच्या तपासणीत खोकू नकोस म्हणजे झालं."

"म्हणजे फसवायचं?"

"मी कुठे तसं म्हणालो? सर्दी सांभाळ म्हटलं."

घरी मी आरशासमोर बसून, हातांची घडी घालून पुढे वाकून बघायचे. कधी उठता यायचं, कधी उशीवर तोंडघशी. पडले की आई हळहळायची आणि मला हायसं वाटायचं. मग हायसं वाटल्याचीच चीड यायची. उठले की पुन्हा तेच, फक्त उलटं. बरं व्हायचंय का मला? हो. संघात जायचंय का? हो. हे दोन्ही एकाच वेळी कुठे मांडायचं, ते सुचत नव्हतं.

"हातांची घडी घाला. छाती मांड्यांना टेकवा. आता उठा," तपासणीच्या खोलीत मला बाकावर बसवून थोरल्या डॉक्टर म्हणाल्या.

वाकले, आणि लक्षात आलं की न उठायचं ठरवलं, तरी ते करायचं कसं हेच मला माहीत नाही. जो स्नायू मला जाणवतच नाही, त्याला थांब म्हणून सांगणार कसं? सर छताकडे बघत होते.

"उठ गं बाई," आई पुटपुटली.

"तुम्ही बोलू नका," धाकट्या डॉक्टर म्हणाल्या.

मी जोर लावत होते की नव्हते, खरंच सांगता येणार नाही. फरशी थोडी लांब गेली. मग टेबलाची कड दिसली, मग कोटाची बटणं, मग डॉक्टरांचा चेहरा.

"पुन्हा."

पुन्हा चेहरा दिसला. त्यांनी पट्टी लावून कोन मोजला आणि माझा गट बदलला.

बाहेर आईने मला घट्ट जवळ घेतलं, मग सरांकडे बघून सोडलं. "आनंदाचीच गोष्ट आहे ना ही?" तिने विचारलं. कोणाला विचारलं ते कळलं नाही, म्हणून आम्ही दोघांनीही मान हलवली.

"सरावाला पाच वाजता," सर म्हणाले.

निवडीची शर्यत मी नव्या गटातून धावले. आम्ही आठ जणी होतो. माझी वेळ सतरा सेकंद बासष्ट शतांश, क्रमांक सहावा.