पाण्यातले हर्क्युलस

तलावाकाठच्या बाकावर तीन माणसे बसू शकतात. कप्तान मधोमध बसतो, कारण आपली जागा तीच असे त्याला वाटते. त्याच्या उजवीकडे डॉक्टरीणबाई. डावीकडे मी, अर्धा बाकावर आणि अर्धा अधांतरी.

कप्तान कुठल्याही सैन्यात नव्हता. तो तलावातल्या फेरीबोटीवर तिकिटे तपासायचा. पण दरारा असा, की लोक तिकीट खिशात असूनही दुसरे काढायचे. डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर होत्या. विमान बघताना माणसाचे तोंड आपोआप उघडे पडते, त्यामुळे त्यांचे काम निवृत्तीनंतरही थांबले नाही. विमान गेले की त्या कप्तानाला हळूच सांगतात, वरची डावी दाढ आता काढून टाका. मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. शंका आली की समासात प्रश्नचिन्ह घालायचे, एवढेच माझे काम. आणि ज्याची मला शंका येणार नाही असा शब्द अजून कुणी छापलेला नाही.

टेकडीपलीकडे लष्कराचा विमानतळ आहे. सरावाला निघालेली विमाने आमच्या पाठीमागच्या झाडांवरून येतात, तलाव ओलांडतात आणि पलीकडच्या पंपघरामागे दिसेनाशी होतात. विमान पंपघरापर्यंत पोचायच्या आत जो त्याचे नाव सांगेल, त्याने ते पकडले, असा आमचा खेळ. पकडून करायचे काय, असे आमच्या हिने एकदा विचारले होते. मी अजून विचार करतो आहे.

विमानांची पुस्तके मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली होती, शुद्धिपत्रासकट. तोटा तिथेच झाला. विमान दिसले की मला त्याचे नाव झटकन आठवायचे आणि पाठोपाठ त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या विमानाचेही. मग मी म्हणायचो, "बहुधा... शेपटाची ठेवण पाहता..." तोवर कप्तानाने काहीतरी ठोकून दिलेले असायचे आणि विमान पंपघरापार. कप्तान निम्म्या वेळा चुकायचा; पण चूक ध्यानात येईपर्यंत पुढचे विमान डोक्यावर असायचे. मला तिथे सगळे बहुधाराव म्हणतात. घरी हिनेही ते उचलले आहे.

सरावाच्या या हंगामात कप्तानाचा मेव्हणा येऊ लागला. गळ्यात तोफेसारखी दुर्बीण. बाकावर जागा नसल्याने तो उभा राहायचा आणि उभ्या उभ्या सुस्कारे टाकायचा. मधूनच म्हणायचा, ताई विचारत होती, मला बसायला कधी मिळणार म्हणून. कप्तान जगात एकाच माणसाला भितो आणि ते माणूस या मेव्हण्याची ताई. त्यामुळे एके दिवशी कप्तानाने नवा नियम सांगितला. हंगाम संपेपर्यंत ज्याने एकही विमान पकडलेले नसेल, त्याने जागा मोकळी करायची. नियम सांगताना तो तलावाकडे बघत होता, पण नियम कुणासाठी होता हे तिथल्या बदकांनाही कळले.

एका बाकासाठी एवढे काय, असे कुणी म्हणेल. पण मला गप्प बसायला आवडते, आणि माणसांत गप्प बसायला जास्त आवडते. घरी गप्प बसलो की ही कपाळाला हात लावून ताप बघते. इतर ठिकाणी लोक समजतात, याला काहीतरी मागायचे आहे. त्या बाकावर मात्र माझे गप्प बसणे कुणाला खुपत नव्हते. अशी जागा या वयात दुसरी कुठे शोधायची?

मी हिरिरीने वर बघायला लागलो आणि माझी मान धरली. डॉक्टरांनी गळ्याला जाड पट्टा बांधला आणि वर बघायची बंदी घातली.

"अहो, उभा जन्म मान खाली घालून अक्षरं तपासलीत," ही म्हणाली, "आता एकदम आभाळ तपासायला निघालात. मानेनं काय समजायचं?"

पट्ट्यासकट मी बाकावर गेलो. मान हलत नव्हती, पण कमरेतून वाकता येत होते. म्हणून वाकून पाण्याकडे बघत बसलो. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आमच्या डोक्यावर झाडाच्या फांद्यांचे छत आहे. पाठीमागून येणारे विमान फांद्यांबाहेर निघेपर्यंत वर बघणाऱ्याला फक्त पाने दिसतात. काठाजवळच्या पाण्यात मात्र फांद्यांपलीकडचे आभाळ दिसते आणि विमान तिथे आधी उमटते! मला दोन श्वासांची सवलत मिळाली होती. पहिले काही दिवस ती वाया गेली. पाण्यात सगळे उलटे, वरचे पंख खाली वाटतात. ते मनातल्या मनात सुलटे करेपर्यंत कप्तान ओरडायचा. पण छापखान्यातल्या उलट्या टाइपाची अक्षरे मी तरुणपणी वाचलेली होती. हळूहळू डोळ्याला वळण लागले.

हंगामाचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारभर एकही विमान आले नाही. मेव्हणा माझ्या मागे उभा होता आणि माझी जागा डोळ्यांनी मोजत होता. डॉक्टरीणबाईंनी मला लिमलेटची गोळी देऊ केली. दातांच्या डॉक्टरने गोळी द्यावी म्हणजे माझी दशा काय असेल ते समजा.

इतक्यात पाण्यात पंख दिसले. लांब, सरळ, अंगाच्या वरच्या बाजूला बसवलेले. पोट गुबगुबीत, नाक पुढे आलेले. लष्कराचे चार इंजिनांचे मालवाहू विमान असेच दिसते.

"हर्क्युलस," मी म्हणालो. बहुधा न लावता.

तिघांच्या माना झटक्यात वर गेल्या. वर पाने होती. मी वाकलेला असल्याने त्यांचे चेहरे मला पाण्यातच दिसले, उलटे आणि गोंधळलेले. ज्या माणसाने आजवर स्वतःचे नावही खात्रीने सांगितले नसेल, तो खात्रीने बोलला होता. मग विमान असणारच.

"दिसलं," कप्तान म्हणाला. "मी म्हणणारच होतो."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पंखासारखे काहीतरी त्यांनाही दिसले. मेव्हण्याने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि चारही इंजिने स्पष्ट दिसत असल्याचे जाहीर केले. दुर्बिणीची झाकणे त्याने काढलेली नव्हती.

मला आनंद व्हायला हवा होता. पण आवाज कसा नाही आला? मी चाचरत विचारले. कप्तान म्हणाला, इंजिने बंद करून उतरायचा सराव असतो. मी विचारले, चारही? तो म्हणाला, म्हणून तर त्याला सराव म्हणायचे.

तेवढ्यात, फांद्यांवरच गोल फिरत राहिलेल्या त्या पाण्यातल्या हर्क्युलसने पंख फडफडवले.

"माफ करा," मी म्हणालो. "माझी चूक झाली. तो पाणकोळी पक्षी आहे."

माझे ऐकायला कुणी तयार होईना. कप्तानाच्या मते मोठे पंख हलतातच. मेव्हण्याच्या मते बाहेरच्या इंजिनातून धूरही निघत होता. आयुष्यात प्रथमच मी कुणाशी तरी हिरिरीने भांडलो आणि तेही माझेच म्हणणे खोटे ठरवायला.

"बहुधाराव," कप्तान खालच्या आवाजात म्हणाला, "एकदाचं नीट बोललात. आता घाण करू नका."

तेव्हा हर्क्युलस फांद्यांबाहेर आले, पाय पुढे करून पाण्यावर घसरले, आमच्यावर पाणी उडवले आणि फेरीबोटीच्या धक्क्याच्या खांबावर चढून बसले. मग त्याने चोच उघडली. चोचीखालची पिशवी ओल्या मोज्यासारखी लोंबत होती.

डॉक्टरीणबाई पुढे वाकून निरखत होत्या.

"एकही दात नाही," त्या म्हणाल्या. "सुटला बिचारा."

मी उठलो. मेव्हण्याला म्हणालो, बसा. तो बसायला वाकला, आणि अर्ध्यातच थांबला. तो पक्षी असेल तर त्याने पक्ष्याची चार इंजिने मोजली होती. कप्तानानेही तो विमान म्हणून पाहिला होता. डॉक्टरीणबाई आलटून पालटून दोघांकडे बघत होत्या आणि ही गोष्ट ताईला सांगायला त्यांना फार मजा आली असती.

कप्तानाने पाणकोळ्याकडे पाहिले, मग मेव्हण्याकडे, मग माझ्या पट्ट्याकडे.

"हर्क्युलस आहे," तो म्हणाला.

"चारही इंजिनं," मेव्हणा म्हणाला आणि सरळ उभा राहिला.

"बहुधा..." मी सुरुवात केली.

"बसा हो," कप्तान म्हणाला. तो थोडा सरकला. डॉक्टरीणबाईही सरकल्या. मी बसलो तेव्हा बाक मला पूर्ण पुरला.

ताईने मेव्हण्याला घडीची खुर्ची घेऊन दिली आहे. सराव सध्या बंद आहे, तरी आम्ही रोज जातो. संध्याकाळी हर्क्युलस खांबावर उतरते, कप्तान दोन बोटे कपाळाला लावतो, आणि मग आम्ही सगळेच गप्प बसतो.