ट्रॅक्टरचा स्वभाव

फुलसावंगीत कुणाचा बैल मारका असला, तर मालक कासरा हाती देताना सांगतो, शिंगापासून जपा. रामराव आपल्या ट्रॅक्टरबद्दल तसंच सांगत. कुणी मागायला आलं की चावी देत आणि म्हणत, "ब्रेक मारला की डावीकडे ओढते बरं. स्वभाव हाय त्याचा." अर्ध्या गावाला हा स्वभाव पाठ होता. वाचकहो, आपल्यापैकी किती जणांच्या दारात असं वाहन उभं आहे?

दिवाळीनंतर कापूस भरून महागावला जाताना उतारावर म्हैस आडवी आली. रामरावांनी ब्रेक दाबला. ट्रॅक्टर डावीकडे फिरला, भरल्या ट्रॉलीनं मागून रेटलं आणि सगळं नाल्यात गेलं. कापसाखालून त्यांना काढलं तेव्हा श्वास नव्हता. तेरवीला आलेले सगळे एकच बोलले, वेळ भरली होती. यवतमाळहून आलेली त्यांची मुलगी समीक्षा सगळ्यांना चहा देत राहिली.

तिच्या भावानं, कपिलनं, चेपलेलं मडगार्ड ठोकून घेतलं. ट्रॅक्टर पुन्हा दारात उभा राहिला. एका सकाळी शेजारचे भावसिंगकाका आपली ट्रॉली त्याला जोडूनच ओसरीत आले.

"कपिल, वेचणीच्या बाया न्यायच्या हायेत. चावी दे."

"घ्या ना काका. डावीकडे ओढते, ध्यान ठेवा."

"मले सांगतं? तुह्या बापाइतकाच म्या चालवला त्याले."

समीक्षा आतून बाहेर आली. "काका, ट्रॉलीत कोण आहे?"

"आपल्याच बाया. आमची सूनबी हाय."

"तिला सांगितलं, ट्रॅक्टर डावीकडे ओढतो म्हणून?"

"तिले कायले सांगू? ते थोडीच चालवते."

"तेच म्हणते मी. चालवणाऱ्याला माहीत असतं, तो स्टिअरिंग आवळून धरतो. मागे बसलेलीनं काय धरायचं?"

कपिल चिडला. "ताई, दोन दिवसांसाठी येतं अन् शिकवून राह्यली आम्हाले. ज्याची वेळ भरली तो जाते."

भिंतीला टेकून बसलेल्या त्यांच्या आई, विमलताई, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या.

"वेळ म्हणणं सोपं हाय, कपिल. वेळ म्हटली का मंग कोणाले काही दुरुस्त करा लागत नाही. बैलाले स्वभाव असते, लोखंडाले नसते. त्याले बिघाड म्हणते. भावजी, हे एक घर झालं. तुमचंबी कराचं हाय का?"

भावसिंगकाकांनी रस्त्याकडे पाहिलं. ट्रॉलीत त्यांची सून मांडीवर डबा धरून कुणाशी तरी हसत होती. त्यांनी चावी विमलताईंपुढे ठेवली.

"उतरा वं बायांहो," ते बाहेर जाऊन म्हणाले, "आज पायी जाऊ."

त्याच दिवशी कपिलनं मिस्त्री आणला. ट्रॅक्टरच्या दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळे ब्रेक असतात; वावरात कायम उजवीकडेच वळवून उजवा ब्रेक झिजून गेला होता. डावा धरायचा, उजवा धरायचाच नाही. दुपारच्या जेवणाआधी काम झालं. कपिलनं ब्रेक दाबून पाहिला. ट्रॅक्टर सरळ उभा राहिला. तो खाली उतरला आणि चाकाशीच बसला.

"एवढंच काम होतं, ताई?"

समीक्षानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मंडळी, ज्या खोडीची आपल्याला सवय झाली, ती मागे बसलेल्याला ठाऊक नसते आणि समोरून येणाऱ्यालाही नसते. ब्रेक एकट्या चालवणाऱ्याचा नसतो, रस्त्यावरच्या प्रत्येकाचा असतो. खोड सांगून कुणाला चावी देऊ नका. आधी ती दुरुस्त करा. माणूस गेल्यावर केलेली दुरुस्तीही चांगलीच होते. फक्त ज्याच्यासाठी करायची होती, तो ती पाहायला नसतो.