चतुराबाईचा चट्टा

चौऱ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात सेलूला गावोगावच्या अकरा बायांचं आरोग्याचं प्रशिक्षण चाललं होतं. शिकवणारे मधुकरराव खेड्यापाड्यांत फिरून महारोगाचे रोगी शोधायचे. शेवटी बाजाराच्या दिवशी चौकात नाटकाचा एक खेळ करायचं ठरलं आणि रोग झालेल्या बाईचं काम कौशल्याबाईकडे आलं.

"संवाद मी देणार नाही," मधुकरराव म्हणाले. "ती बाई तुम्हीच घडवा. तिचं नाव, माहेर, स्वभाव. ती कोणाला भिते, चट्टा कुठे आहे, तो तिला कसा कळला. एवढं ठाऊक असलं की बोलणं आपोआप येतं."

कौशल्याला हे फार आवडलं. तीन दिवस भाजीच्या वावरात राबता राबता ती त्या बाईला घडवत राहिली. नाव चतुराबाई. माहेर समुद्रपूरचं. बापाची लाडकी, एसटीत खिडकीसाठी भांडणारी, मोठ्यानं हसणारी. चट्टा दंडावर, पोलक्याच्या बाहीखाली, म्हणजे कोणाला दिसायला नको. पण कळला कसा?

त्या दुपारी ती वांगी तोडत होती. तीन वर्षांची नलू बांधावर मातीत खेळत होती. चतुराबाईही अशीच वांगी तोडत असेल, कौशल्याला वाटलं, आणि देठाचा काटा टोचूनही चट्ट्यावर तिला कळला नसेल. एरवी टोचल्यावर तोंड कसं होतं ते बघावं म्हणून तिनं उजव्या दंडावर काटा दाबला. "स्स!" मग डावी बाही वर केली. तिथं पावसाळ्यापासून एक फिकट डाग होता. शिबं असेल म्हणून तिनं कधी लक्ष दिलं नव्हतं. तिनं काटा टेकवला. काही नाही. जोर लावला. रक्ताचा थेंब वर आला, तरी काही नाही.

तिनं डागाच्या बाहेर टोचून पाहिलं. कळ आली. पुन्हा आत टोचलं. काहीच नाही.

"माय, मले घे," नलू धावत आली.

"दूर हो!" कौशल्या ओरडली. पोर घाबरून रडायला लागली, तरी तिला जवळ घ्यायला हात पुढे होईना.

तिला भागीरथामावशी आठवली. मावशीला हाच रोग झाला, तेव्हा घरच्यांनी तिला वावराच्या टोकाला झोपडी घालून दिली होती. भाकर लांबूनच फेकायचे. मावशी मेली तेव्हा दोन दिवस कोणाला कळलंही नव्हतं.

त्यानंतर चतुराबाई घडेना. कौशल्यानं तिचा चट्टा दंडावरून पायावर नेला. तिला धीट केलं, न भिणारी केलं. पण काहीही ठरवलं की आतून वाटे, हे खोटं आहे, अशी बाई नसते. नवरा मनोहरराव शेजारी बसला की ती सरकून बसे.

"काऊन व, बरं नाई का?" त्यानं विचारलं.

"काई नाई. खेळाचं पाठ करून राह्यली."

बाजाराच्या दिवशी चौकात गर्दी झाली. कौशल्याची सासू रुख्माबाई नलूला घेऊन भाजीच्या टोपल्यांमागे बसली होती, तिथून सगळं दिसत होतं. खेळातली सासू झालेली लीलाबाई कमरेवर हात ठेवून कडाडली, "असा रोग घेऊन माह्या घरात राह्यतं? नीघ बाहेर!"

आता कौशल्यानं ठरवल्याप्रमाणे चतुराबाईनं ताठ मानेनं म्हणायचं होतं, मी दवाखान्यात जातो. कौशल्याचं तोंड उघडलं, पण शब्द निघेना. लोक चुळबुळायला लागले.

"बोल ना व," लीलाबाई हळूच म्हणाली.

"मले भेव लागते," कौशल्या म्हणाली.

"कायचं भेव?" लीलाबाई गोंधळून बोलून गेली.

"तुमचं. साऱ्यायचं. माही पोरगी माह्याजवळ येऊ देसान का नाई, याचं."

मधुकररावांनी पुढं होऊन गोळ्यांची माहिती सांगितली आणि खेळ आटोपता घेतला. मग ते तिच्याजवळ आले. "कौशल्याबाई, खरंच घडवली हो बाई!"

तिनं त्यांना आडोशाला नेऊन बाही वर केली. त्यांचं हसू मावळलं. त्यांनी खिशातून तपासणीचं पीस काढलं आणि तिला डोळे मिटायला लावले. "पीस लागेल तिथं बोट ठेवा." दोनदा तिनं बरोबर बोट ठेवलं. मग बराच वेळ ती वाट बघत राहिली.

"लावा ना," ती म्हणाली.

"तीनदा लावलं," मधुकरराव म्हणाले. "सोमवारी डॉक्टर बघतील. एकच चट्टा आहे, सहा महिने गोळ्या घ्यायच्या. असला चट्टा दुसऱ्याला लागत नाही. पोरीला खुशाल घ्या."

तिनं मान डोलावली आणि बाही खाली ओढली.

संध्याकाळी बैलगाडीत नलू तिच्या मांडीवर झोपली होती. मनोहरराव पुढे बैल हाकत होता. गाव दिसायला लागल्यावर कौशल्यानं हळू आवाजात सासूला सगळं सांगितलं. रुख्माबाईनं वाकून झोपलेली नलू उचलली आणि आपल्या मांडीवर घेतली.

कौशल्यानं रिकामे हात पदराखाली दडवले. गाडी नाल्यात उतरली आणि पुन्हा वर चढली.

"मनोहरले तू नोको सांगू," रुख्माबाई शेवटी पुटपुटली. "मी सांगतो, वेळ पाहून."

"अन् नलू, आत्याबाई?"

"सोमवारी दवाखान्यात मी येतो तुह्यासंग. डॉक्टर काय म्हनते ते माह्या कानानं आयकतो. मंग पाहू."

तिनं नलूला परत दिलं नाही. पण गाडीनं गचका खाल्ला तेव्हा तिनं हात लांबवून कौशल्याचा डावा दंड धरला, आणि गाडी सपाट रस्त्याला लागेपर्यंत सोडला नाही. ती बोटं चट्ट्यापर्यंत आली होती का, ते कौशल्याला कळलं नाही.