डबा रिकामा देऊ नये

चौथ्या खेपेला इंगा-ब्रितनं मला डब्यातून तिच्या नवऱ्याचा खोकला पाठवला. मी झाकण उघडलं तसा तो दोनदा वाजला, खोलीभर फिरला आणि खिडकीपाशी जाऊन बसला. नवरा, म्हणजे एलोफ, वारून नऊ वर्षं झाली होती. माझ्या मनात पहिला विचार आला तो एवढाच, की आता या डब्यात घालून काय परत द्यायचं?

कारण डबा रिकामा देऊ नये. कराडला आमच्या आळीत कोणाची वाटी आली तर ती तशीच परत जात नाही. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. आई म्हणते, रिकामं भांडं दारात धरलं की नातं तिथंच संपलं. स्वीडनच्या उत्तरेकडच्या या गावात मी वर्षभरासाठी स्वयंसेवक म्हणून आले, तेव्हा आईनं बॅगेत मेतकूट, चिवडा, लसणाची चटणी असं सगळं कोंबलं होतं. ही सवय मात्र कोणी न कोंबताच आली.

काम काही अवघड नव्हतं. म्हाताऱ्या माणसांच्या केंद्रात सकाळी दहाची कॉफी द्यायची, दुपारी तीनची कॉफी द्यायची, मधल्या वेळात पायऱ्यांवरचा बर्फ खरवडायचा. एकदा गोठलेल्या तळ्यावर नव्वदीच्या एका आजोबांना घसरगाडीवर बसवून फिरवत होते, तर गाडी हातातून सुटली. मी मागे धावतेय, आजोबा पुढे खदाखदा हसतायत! काठावर पोचल्यावर त्यांनी टोपी नीट केली, आभार मानले आणि घरी गेले. इथे सगळे फार चांगले आहेत, उठता-बसता आभार मानतात. पण बसथांब्यावर दोन हात लांब उभे राहतात, आणि चार महिन्यांत माझ्या दारावर एकदाही टकटक झाली नव्हती.

मग इंगा-ब्रितनं केली. समोरच्या पिवळ्या घरात ती एकटी राहायची, वय एक्क्याऐंशी. तिनं निळ्या झाकणाचा पत्र्याचा डबा पुढे केला. आत वेलदोड्याचे पाव होते.

"खा," ती म्हणाली आणि गेली.

मी डबा धुतला, त्यात चिवडा भरला आणि परत दिला. आत बघून ती कानापर्यंत लाल झाली. पुढच्या गुरुवारी डबा रानबेरीचा मुरंबा घेऊन आला. मी शेंगदाण्याचे लाडू दिले. मग लोकरीचे मोजे आले. मी चटणीची शेवटची पुडी दिली. मग हा खोकला आला, आणि माझं कपाट रिकामं झालं होतं. आईनं पाठवलेलं पार्सल कुठेतरी वाटेत अडकलं होतं.

दोन दिवस विचार केला. मग डबा तोंडाशी धरला, डोळे मिटून आमच्या कुकरच्या तीन शिट्ट्या आठवल्या आणि पटकन झाकण लावलं. डबा गरम झाला. चला, एक काम झालं, असं म्हणत मी तो नेऊन दिला.

त्याच दिवशी आईचा फोन आला.

"वैजू, कुकर शिट्टीच देत नाहीये गं. वाफ जाते, पण आवाज नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, काही बिघडलेलं नाही."

"शिट्टी मी शेजारी दिली."

"विचारून तरी द्यायचीस," आई म्हणाली. "बरं, डबा रिकामा नाही ना दिलास?"

"नाही."

"मग ठीक आहे."

पुढच्या गुरुवारी डब्यात एलोफची होडी होती. झाकण काढल्यावर ती उलगडत गेली आणि पलंगापासून मोरीपर्यंत पसरली, वल्ह्यांसकट. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! मी पलंग उभा करून भिंतीला लावला आणि होडीत झोपायला लागले. उत्तरादाखल मी आमच्या मागच्या अंगणातली मे महिन्यातली दुपार दिली. ती डब्यात बसेना, दाबून बसवावी लागली.

"आज दुपार झालीच नाही," आई फोनवर म्हणाली. "अकराचे एकदम सहा वाजले. पापड ओलेच राहिले माझे."

समोर इंगा-ब्रितच्या छपरावरचा बर्फ धाडकन खाली आला. मार्चच्या थंडीत तिनं खिडक्या उघड्या टाकल्या.

आमच्या केंद्राचा प्रमुख लासे. पन्नाशीचा आहे, पण इथे कोणाला अहो-जाहो करत नाहीत, म्हणून मी त्याला मनातल्या मनात अहो म्हणते. तीनच्या कॉफीला मी त्याला डब्याचं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्याकडे डबा धुऊन रिकामा परत देतात," तो म्हणाला. "भरून दिलास तर समोरच्याला वाटतं, आपणच कमी पडलो. मग ते आणखी देतात. तिच्याकडे आता फारसं उरलं नसेल."

"मग रिकामा देऊ?"

"दे. ती सुटेल बिचारी."

"मग ती पुन्हा येईल का?"

लासेनं कप खाली ठेवला. "कशाला येईल?"

खरं सांगते, तिथंच माझा धीर सुटला. मला ती टकटक हवी होती. आठवड्याचे सहा दिवस मी सातव्या दिवसाच्या जिवावर काढत होते. कोणीतरी दाराबाहेर बूट आपटून बर्फ झाडतंय, ते माझ्याकडे आलंय, हे ऐकायला मी बुधवारपासून कान लावून बसायचे. मी रिकामा डबा दिला नाही.

तिनं मला तिच्या तरुणपणातला एक उन्हाळा दिला, ज्यात सूर्य मावळतच नव्हता. मी भिंतीवरच्या माझ्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा दिल्या. तिनं चर्चची घंटा दिली. मी आमचा स्वयंपाकाचा ओटा दिला, कोपऱ्यात कढईचा काळा डाग पडलाय त्या डागासकट.

"अगं, ओटा गेलाय," आई म्हणाली. "मी हातात परात घेऊन उभी आहे. कणीक मळून झालीय. ठेवू कुठे?"

"जरा धरून ठेव, आई. नऊ एप्रिलला सुट्टीवर येतेय मी."

"हात भरून आलेत गं."

"आई, थोडेच दिवस."

"बरं, धरते," आई म्हणाली.

मला लाज वाटली. मी होडीत बसून रडले, तेव्हा खिडकीपाशी एलोफचा खोकला सहानुभूतीनं एकदा वाजला. घरचं माझ्याकडे आता एकच उरलं होतं. आई मागच्या दारातून मारते ती "वैजू" अशी हाक, शेवटचा जू लांबवलेला. ती काही झालं तरी द्यायची नाही, असं मी ठरवलं. ती दिली तर मी जाऊन उभी राहिले तरी आई मला काय म्हणून हाक मारणार?

एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी टकटक झाली. डबा हलका होता. उघडला तर आत इंगा-ब्रितच्या घरातली नऊ वर्षांची शांतता. ती खोलीभर पसरली, छतापर्यंत चढली, होडीत भरली. मला दाराशी तिरकं उभं राहण्यापुरती जागा उरली. शांततेनं ढकललेला खोकला पळत आला आणि माझ्या तोंडात शिरला.

मी आईला फोन लावला. घंटा वाजत होती, पण कानात नाही. समोरच्या पिवळ्या घरात वाजत होती.

मग लख्ख कळलं. ओटा तिकडे, कुकर तिकडे, दुपार तिकडे, मग आई तरी कराडला कशाला थांबेल?

मी डबा दाराबाहेरच्या बर्फानं धुतला, पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदा रिकामा घेऊन निघाले. नातं संपायचं तर संपू दे, आई परत दे म्हणायचं, एवढंच ठरवलं होतं. भर दुपारी रस्ता ओलांडला. इंगा-ब्रितनं दार उघडलं. आतून गरम हवा आली. कसलातरी आवाज झाला, तीनदा, लांबलचक. कशाचा ते मला कळेना.

तिच्या मागे काळ्या डागाचा एक ओटा होता. आईनं त्यावर परात टेकवली होती आणि ती मनगटं चोळत होती. पाठमोरी होती. मी हाक मारायला तोंड उघडलं. बाहेर पडला तो एलोफचा खोकला, दोनदा.

इंगा-ब्रितनं तो ओळखला नाही. तो तिनं देऊन टाकला होता.

"कोण आलंय गं?" आईनं न वळता विचारलं.

"डबा आलाय," इंगा-ब्रित चांगल्या कराडच्या मराठीत म्हणाली. तिनं झाकण उघडून बघितलं. "रिकामा."

"असू दे. नवीन असेल, माहीत नसेल तिला," आई म्हणाली. "तू मात्र तसाच परत देऊ नकोस. चिमूटभर साखर घाल. कोणाचं का लेकरू असेना."

इंगा-ब्रितनं साखर घातली, डबा माझ्या हातात ठेवला, हसून आभार मानले आणि दार लावून घेतलं.

मी पायरीवर उभी राहिले. साखर खाल्ली. आता डबा परत द्यायचा होता, आणि द्यायला माझ्याकडे ती एकच हाक होती. आत आई पोळ्या लाटायला लागली होती. मी झाकण काढलं आणि डबा तोंडाशी धरला.